धर्मराज चुकला, तरीही

प्रिय सई,

काल तू रागावून विचारलंस, "ज्याने बायकोला जुगारात लावलं, त्याची गोष्ट आजी इतक्या मायेनं का सांगते?" तुझा राग मला पटतो, तो सोडू नकोस.

युधिष्ठिर राज्य हरला, भाऊ हरला, स्वतःला हरला आणि मग द्रौपदीला पणाला लावून बसला. तिला न्यायला माणूस आला तेव्हा तिनं उलट विचारलं: त्यांनी आधी कुणाला लावलं, मला की स्वतःला? जो स्वतःच दास झाला, त्याचा माझ्यावर हक्क कसला? भीष्मांसारखा जाणता माणूस समोर होता. धर्माची गती सूक्ष्म आहे, म्हणाला आणि थांबला. कौरवांपैकी एकटा विकर्ण तिच्या बाजूनं बोलला, त्यालाही कर्णानं दटावलं. महाभारत यातलं काहीच झाकत नाही. मला तर त्या सभेत द्रौपदीएवढं मोठं कुणीच दिसत नाही.

पण आजी तिथे थांबत नाही. वनवासात तळ्याकाठी चारही भाऊ मरून पडलेत. यक्ष म्हणतो, एकालाच उठवीन. भीम किंवा अर्जुन मागितला असता तर पुढचं युद्ध सोपं झालं असतं. युधिष्ठिर नकुल मागतो, कारण कुंतीचा एक मुलगा तो स्वतः आहे, माद्रीचाही एक उरायला हवा. भावांना वस्तूसारखं लावणारा माणूस तो हाच. बरं, इथून पुढे तो सरळ चालला म्हणावं, तर युद्धात द्रोणांशी अश्वत्थाम्याबद्दल खोटं बोलतो. त्यासाठी शेवटी त्याला नरक दाखवतात. तिथल्या अंधारात भाऊ आणि द्रौपदी कळवळून हाका मारतात, तेव्हा तो देवदूताला सांगतो, तू जा, मी यांच्यापाशीच थांबतो. ज्यांना एकदा पणाला लावलं, त्यांच्यासाठी हा माणूस स्वर्ग सोडायला निघाला! इथे आजीचा आवाज का भरून येतो, ते मला कळतं.

तू रोज म्हणतेस त्या पसायदानातही ज्ञानेश्वरांनी दुष्टांचा नाश मागितला नाही. त्यांचा दुष्टपणा गळून पडो, त्यांना चांगल्या कामांची गोडी लागो, एवढंच मागितलं. आजी याच मागण्यात वाढली आहे.

कर्ण तुझा लाडका, म्हणून त्याचंही लिहिते. सभेत द्रौपदीला सगळ्यांत वाईट बोलला तो तोच. युद्धाआधी कृष्ण भेटतो तेव्हा मात्र तो आपण होऊन म्हणतो, दुर्योधनाला बरं वाटावं म्हणून मी पांडवांना नको ते बोललो, त्याचा मला आता पश्चात्ताप होतो. मैत्रिणीला खूश करायला कुणाला टोचून बोलावंसं वाटलं, तर हे आठव. पण त्या कबुलीत त्यानं पांडवांचं नाव घेतलं, द्रौपदीचं नाही. याबद्दल तुला काय वाटतं, ते मला सविस्तर लिही.

तुझी,
आई