बाबांची दाळ मिल, सारखे बदलणारे नियम आणि तुझं पुढचं शिक्षण

तू लिहिलंस की उदगीरला बाबांची दाळ मिल आहे, तू बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहेस, तुला मिलमध्येच काहीतरी करायचंय पण बाबा म्हणायलेत की सरकार कधी काय नियम काढेल याचा नेम नाही, तू आपली स्पर्धा परीक्षेचा अभ्यास कर.

बाबांचं चुकत नाही बाळा. 2023 आठव. 2 जूनला तूर-उडदावर साठ्याची मर्यादा आली, मिलला 3 महिन्यांचं उत्पादन किंवा वर्षाच्या क्षमतेच्या 25 टक्के, जे जास्त असेल तेवढाच माल ठेवता येणार, बरं त्या हिशोबानं गाडी बसवली तर सप्टेंबरमध्ये तेच 1 महिना आणि 10 टक्क्यांवर आणलं. आता मिलवाला तूर उचलतो जानेवारी-फेब्रुवारीत, बँकेच्या सीसीच्या (कॅश क्रेडिट, म्हणजे लागेल तसं उचलायचं खेळतं कर्ज) पैशावर, आणि मग महिनोन्‌महिने भरडत राहतो, त्याला मधेच माल कमी कर म्हणलं की सगळे एकदमच विकायला काढतात, भाव दबतो, व्याज मात्र चालूच. दाळ महाग झाली की सरकारला गिऱ्हाइकाकडं बघावं लागतं हे मलाही पटतं, पण निदान हंगामाच्या आधी तरी सांगा ना.

बाहेरून येणाऱ्या पिवळ्या वाटाण्याचं बघ, आयातीवर 50 टक्के ड्युटी होती ती डिसेंबर 2023 मध्ये काढली आणि नंतर या सवलतीची मुदत थोडी थोडी करत वाढवत नेली. अशात नवीन सॉर्टेक्स (रंगावरून खराब दाणे वेगळे काढणारं यंत्र) घ्यायचं ‘पुढच्या वर्षी बघू’ होतं, माणसं कायम करायच्या ऐवजी रोजंदारीवर ठेवली जातात. तोटा झाला नाही तरी धंदा जागेवर थांबतो, आणि माझ्या मते खरं नुकसान हेच आहे. भावाचा धोका उतरवायला वायदेबाजार असतो, पुढं द्यायच्या मालाचा भाव आजच बांधून ठेवता येतो म्हणावं तर तुरीचे वायदे 2007 पासून बंद. आणि हे फक्त आपल्यालाच नाही, 2017 मध्ये आपण तूर आयातीवर 2 लाख टनांची मर्यादा घातली तर तिकडं आफ्रिकेत मोझांबिकच्या तूर पिकवणाऱ्या शेतकऱ्याचा भाव पडला, त्यानं तर आपल्या भरवशावर पेरलं होतं.

म्हणूनच मी म्हणते या धंद्याला तुझ्यासारखं शिकलेलं माणूस पाहिजे. एम.ए. इकॉनॉमिक्स किंवा ॲग्रीबिझनेसमधलं एम.बी.ए. कर, मग लगेच गादीवर बसू नको, 2-3 वर्षं बँकेच्या शेती कर्ज विभागात नाहीतर शेतमालाचा व्यापार करणाऱ्या एखाद्या कंपनीत काम कर, मिलला कर्ज देताना समोरचा काय बघतो ते तिथंच कळतं. परदेश व्यापार महासंचालनालयाचं नोटिफिकेशन स्वतः वाचायची सवय लाव, व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या बातमीवर माल विकू नको. स्पर्धा परीक्षा द्यायची तर दे, पण बाबांच्या भीतीपोटी नको.

आणि या रविवारी बाबांकडून 2023 ची खरेदी-विक्रीची वही माग. एका बाजूला नियम बदलल्याच्या तारखा लिही, दुसऱ्या बाजूला त्या आठवड्यात मिलमध्ये किती पोती होती, काय भावानं गेली आणि सीसी किती वापरली होती. दोघं मिळून बसा, आणि काय निघतं ते मला कळव.