सिग्नल किती वेळ टिकला?

प्रिय मित्रा,

तुझी मेल वाचली. बायोलॉजी की इंजिनीअरिंग, असं विचारतो आहेस. पेशींच्या सिग्नलिंगवर, म्हणजे पेशी निरोप कसे घेतात-देतात यावर, काम करायचं तर या प्रश्नात फार अडकू नकोस. इकडे पवईत फार्मसीवालेही येतात आणि मेकॅनिकलवालेही. निम्मी विद्या सगळ्यांनाच नव्याने शिकावी लागते.

का, ते सांगतो. उंदराच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीतल्या गाठीपासून मिळवलेल्या पीसी१२ पेशी घे. त्यांना ईजीएफ हे वाढीचा निरोप देणारं प्रथिन दिलं की त्या विभागत राहतात. एनजीएफ हे तसंच दुसरं प्रथिन दिलं की विभागणं थांबवून चेतापेशींसारखे लांब धागे काढतात. गंमत म्हणजे दोन्ही वेळा आत ईआरके हे निरोप पुढे नेणारं एकच प्रथिन जागं होतं! पहिल्या वेळी थोड्या वेळात शांत होतं, दुसऱ्या वेळी तासन्‌तास जागं राहतं. म्हणजे कोणतं प्रथिन, एवढ्यावर भागत नाही. किती आणि किती वेळ, हेही मोजावं लागतं. तिथे डिफरन्शियल इक्वेशनशिवाय गत्यंतर नाही. हुआंग आणि फेरेल यांनी १९९६ साली एमएपीके साखळीचं (एकापुढे एक जागी होणारी प्रथिनं, ईआरके त्यातलं शेवटचं) गणित मांडलं, तेव्हा साखळीचा प्रतिसाद स्विचसारखा एकदम उसळतो असं दिसलं. बेडकाच्या अंडपेशींच्या अर्कातही तेच आढळलं.

पण गणितात घालायचे आकडे बेंचवर, म्हणजे प्रयोगशाळेतच मिळतात. आदल्या रात्री सीरम (पेशींच्या खाद्यातला वाढीचे निरोप देणारा भाग) काढून पेशींना उपाशी ठेवलं नाहीस, तर शून्य मिनिटालाच, निरोप देण्याआधीच, जाग्या ईआरकेचा बँड (पट्टा) गडद येईल. फॉस्फो-अँटिबॉडी (फॉस्फेट लागलेलं, म्हणजे जागं प्रथिन ओळखणारी) वापरताना ब्लॉट, म्हणजे प्रथिनं उतरवलेला पडदा, दुधाच्या पावडरीने ब्लॉक करू नकोस, बीएसए हे गाईच्या रक्तातलं प्रथिन घे. दुधातल्या केसीनवर फॉस्फेट असतंच. पेशी फोडायचं द्रावण, लायसिस बफर, आधीच बर्फात ठेव. पाच मिनिटांचा नमुना सातव्या मिनिटाला घेतलास, तर सगळा आलेखच खोटा.

ग्रँट, कमिट्या, परत आलेले पेपर, हे चालूच असतं. त्याचं फार मनावर घेऊ नये.

आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून आलेल्या नेक्सकार१९ या रक्ताच्या कर्करोगावरच्या कार-टी उपचाराला (रुग्णाच्याच टी-पेशींत नवा रिसेप्टर बसवून त्या परत देणं) ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी मिळाली. त्यातला रिसेप्टर बाहेरून कर्करोगी पेशींवरचं सीडी१९ हे प्रथिन ओळखतो आणि आतून टी-पेशीला सिग्नल देतो. आपलाच विषय, थेट रुग्णापर्यंत गेलेला.

इंटर्नशिपसाठी लिहिशील तेव्हा त्या प्राध्यापकांचा एक पेपर नीट वाच आणि त्यातल्या एखाद्या आलेखाबद्दल विचार. 'आपल्या संशोधनात रस आहे' एवढ्याच मजकुराच्या मेलला मी तरी उत्तर देत नाही.

तुझा,
सर