प्रिंटला टेप लावताना

प्रिंट फ्रेममध्ये घालण्याआधी मागच्या बोर्डाला, म्हणजे जाड पुठ्ठ्याला, टेपने लावायची असेल तर सगळ्यात आधी सेलोटेप आणि मास्किंग टेप बाजूला ठेवा. माझ्या सुरुवातीच्या प्रिंट्स मी मास्किंग टेपनेच लावल्या होत्या. काही वर्षांनी टेपचा कागद सुकून गळला, पण तपकिरी चिकटा प्रिंटच्या पाठीला बसला तो बसलाच.

आम्लमुक्त कागदी टेप घ्या. फिल्मोप्लास्ट पी ९० चांगली. मात्र आम्लमुक्त म्हणजे सहज निघणारी नव्हे, तेव्हा लावण्याआधी जागा नीट ठरवा.

नवशिके हमखास चुकतात ते चारही कडा चिकटवून. दमट हवेत कागद फुगतो, कोरड्या हवेत आक्रसतो. त्याला सरकायला जागा नसली की मधोमध लाटा उठतात. म्हणून प्रिंट फक्त वरच्या कडेने टांगायची. टेपचे दोन छोटे तुकडे प्रिंटच्या पाठीला, जेमतेम ५ मिलिमीटर आत घेऊन लावा. प्रिंट सुलटी ठेवली की उरलेला भाग कडेच्या वर डोकावेल, चिकट बाजू तुमच्याकडे. त्यावर दुसरा तुकडा आडवा टाकून मागच्या बोर्डाला दाबा. झाला इंग्रजी 'टी'. आडवा तुकडा प्रिंटच्या कडेला भिडू देऊ नका, केसभर फट ठेवा.

मॅट (प्रिंटवर येणारी, मधे खिडकी कापलेली पुठ्ठ्याची चौकट) आणि मागचा बोर्ड जोडायला लिननची कापडी टेप, पुस्तकाच्या बिजागरीसारखी. तिथे कंजुषी नको.

दुहेरी टेप? प्रिंटला तरी नाहीच. आणि प्रिंट खरंच मोलाची असेल तर टेपच विसरा, कागदी कोपरे वापरा: कोपरे बोर्डाला चिकटवायचे आणि प्रिंट त्यांत नुसती खोचायची. डिंक प्रिंटला शिवतच नाही.