स्टॅकिंग करून काढलेला आकाशाचा फोटो खरा म्हणायचा का, आणि त्यासाठी किती फोटो लागतात?

तुम्ही विचारलंय की १८-५५ लेन्सने काढलेला आकाशगंगेचा फोटो फार दाणेदार येतोय, तर स्टॅकिंगला, म्हणजे एकाच जागेचे बरेच फोटो जुळवून त्यांचा एक करायला, किती फोटो घ्यावेत. आणि शेवटी सहज जाता जाता लिहिलंय, "पण मग तो फोटो खरा म्हणायचा का?" किती फोटो ते सांगते, पण मी उत्तर लिहायला बसलेय ते या शेवटच्या वाक्यामुळे. हे वाक्य मी चार वर्षं घरात ऐकलंय.

खरा. शंभर टक्के खरा.

माझे काका फोटोग्राफर आहेत, नगर जिल्ह्यात तालुक्याच्या गावी त्यांचा स्टुडिओ आहे, मी कॅमेरा हातात धरायला त्यांच्याकडेच शिकले. स्टुडिओत काउंटरच्या मागे एक फोटो लावलेला आहे, हेल-बॉप धूमकेतूचा, एप्रिल १९९७, काकांनी घराच्या गच्चीवरून काढलेला. ४०० ची फिल्म, ५० ची लेन्स, २० सेकंद. तारे जरा लांबट आलेत पण धूमकेतू झकास आलाय, शेपटी अशी वर फेकलेली. तो फोटो बघत बघत मी मोठी झाले आणि आकाशाचा नाद मला त्यानेच लावला.

तर चार वर्षांपूर्वी दिवाळीत मी मृगातल्या तेजोमेघाचा माझा पहिला धड आलेला फोटो फ्रेम करून घरी नेला. पाडव्याला सगळे जमलेले, फ्रेम हातोहात फिरली, काकांकडे आली. त्यांनी चष्मा वर करून नीट पाहिला आणि विचारलं, "किती सेकंद?" मी म्हणाले, चार-चार सेकंदांचे दोनशे फोटो आहेत, एकत्र केलेत. त्यांनी फ्रेम टेबलावर ठेवली. "म्हणजे कॉम्प्युटरने काढलाय. फोटो तो, जो एका क्लिकला येतो." विषय संपला, सगळे चकल्यांकडे वळले. दुसरं कोणी म्हणालं असतं तर मी सोडून दिलं असतं, पण ज्या माणसाने मला फोकस म्हणजे काय ते शिकवलं त्याने म्हटलं, म्हणून ते आत जाऊन बसलं.

मी तेव्हाही भांडले. हबल दुर्बिणीने डिसेंबर १९९५ मध्ये आकाशाच्या एका एवढ्याशा तुकड्याकडे दहा दिवस बघून ३४२ फोटो घेतले आणि ते एकत्र करून ते प्रसिद्ध डीप फील्ड झालं, ते पण खोटं का? काका म्हणाले, "ती नासा आहे." नारायणगावजवळ खोडदला रेडिओ दुर्बिणीच्या ३० डिश आहेत, ४५ मीटरच्या एकेक, सगळ्यांचे सिग्नल एकत्र केल्याशिवाय तिथे चित्रच बनत नाही, पुण्याला जाता-येता आपण तो फाटा बघतो. त्यावर "तो कॅमेरा नाही." मग मी नको ते बोलले, की काका, तुम्ही लग्नाच्या अल्बममध्ये नवरीच्या तळहातावर नवरा उभा करायचात, तो कुठे एका क्लिकला यायचा? आई डोळे वटारायला लागली म्हणून थांबले, पण मुद्दा आजही तोच आहे. तळहातावरचा नवरा म्हणजे दोन वेगळ्या जागच्या दोन गोष्टी चिकटवणं. स्टॅकिंगमध्ये एकाच जागेचा, एकाच गोष्टीचा प्रकाश परत परत मोजायचा असतो. नवीन काही आणायचं नसतं, फक्त वेळ वाढवायचा असतो, हप्त्याहप्त्याने.

पुढच्या पौषात अमावस्येच्या आसपासचा शनिवार धरून मी भंडारदरा धरणाकाठी रतनवाडीला जायचं ठरवलं. आजी म्हणाली एकटी पोर रात्रीची धरणाकाठी जाणार नाही, काकांना घेऊन जा. काका आले, स्वेटर, कानटोपी, थर्मास आणि चेहऱ्यावर "बघू काय दिवे लावतेस". तिथलं आकाश ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको, साडेआठला मृग बराच वर आलेला, खाली व्याध, दक्षिणेला खाली अगस्त्य, आणि गाडीचे दिवे बंद केल्यावर काका पाच मिनिटं काहीच बोलले नाहीत.

कॅमेरा साधाच, कॅननचा १३००डी, ५० ची लेन्स, अॅपर्चर २.८ पर्यंत लहान केलेलं कारण १.८ ला कोपऱ्यातले तारे पंख फुटल्यासारखे येतात. आयएसओ १६००, चार सेकंद, रॉ म्हणजे सेन्सरची कच्ची फाइल. फोकस लाइव्ह व्ह्यूमध्ये व्याधावर दहापट झूम करून, मग रिंगला टेप. टायमर रिमोट लावला आणि खटक खटक सुरू झालं. पंधराएक फोटो झाल्यावर काका म्हणाले, "अगं पण चार सेकंदांचे तीनशे काढण्यापेक्षा एकच वीस मिनिटांचा काढ की, शटर उघडं ठेव." बरोबर प्रश्न होता. मी म्हणाले, तुम्हीच काढा. बल्बवर, म्हणजे बटण सोडेपर्यंत शटर उघडं राहतं त्या सेटिंगला, पाच मिनिटं त्यांनी शटर उघडं ठेवलं. स्क्रीनवर आलं ते तुम्हाला माहितीच असेल, प्रत्येक ताऱ्याची रेघ, आणि मागचं आकाश काळ्याऐवजी धुरकट तपकिरी. पृथ्वी तासाला पंधरा अंश फिरते, पाच मिनिटांत सव्वा अंश, ५० च्या लेन्सला ते लपत नाही. काकांना हे नवीन नव्हतं, त्यांचे १९९७ चे लांबट तारे त्याचेच होते. ते म्हणाले, "आमची फिल्म तर आणखी थकायची, दहा मिनिटं उघडी ठेवली तरी दहा मिनिटांचं काम करायची नाही." हे खरंय, फिल्म लांब एक्स्पोजरला मंदावते. डिजिटल सेन्सर तसा थकत नाही, पण तापतो, आणि वीस मिनिटांत एक विमान गेलं की सगळा फोटो गेला. तीनशेमधल्या एकात विमान आलं तर सॉफ्टवेअर त्या जागी उरलेल्या २९९ फोटोंचं ऐकतं.

साडेदहाला दव पडलं. धरणाचं पाणी शेजारी, लेन्स कधी धुरकटली कळलंच नाही, ऐंशीच्या वर फोटो गेले. काकांनी स्वतःचा मफलर काढून लेन्सभोवती गुंडाळला आणि पुढचे दोन तास कानटोपीवर काढले. त्यांना वाद जिंकायचा असता तर ते गप्प बसून राहिले असते, पण फोटो खराब होताना बघवत नाही त्या माणसाला.

शेवटी मी लेन्सला टोपण लावून तेवढ्याच सेटिंगला तीस फोटो घेतले. "टोपण लावून कशाचे फोटो?" सेन्सरचे स्वतःचे, मी म्हणाले. कुठला ठिपका आपोआप पेटतोय, कुठे उष्णतेने पट्टे येतायत, ते यात येतं आणि खऱ्या फोटोतून वजा करता येतं. हे डार्क. सकाळी फोकसला हात न लावता काकांचा पांढरा रुमाल लेन्सवर ताणून उजळ आकाशाकडे वीस फोटो, कोपऱ्यातला अंधार आणि सेन्सरवरची धूळ काढायला, ते फ्लॅट. यावर काका काही बोलले नाहीत, पण मला वाटतं इथेच त्यांचं मन थोडं हललं, कारण डार्करूममध्ये ते प्रत्येक प्रिंटआधी टेस्ट स्ट्रिप, म्हणजे चाचणीची पट्टी, काढायचे आणि हे त्याच जातीचं काम आहे.

३४० मधले २५६ चांगले निघाले. घरी लॅपटॉपवर त्यांना शेजारी बसवून आधी एकच फोटो दाखवला, तेजोमेघ म्हणजे गुलाबीसर डाग आणि सगळीकडे रंगीत रवा. मग ४ फोटोंचा स्टॅक, मग १६, मग ६४, मग २५६. प्रत्येक पायरीला रवा निम्मा होत जातो, कारण तेजोमेघाचा प्रकाश प्रत्येक फोटोत त्याच जागी पडतो आणि रवा प्रत्येक वेळी वेगळीकडे उडतो, सरासरी काढली की प्रकाश टिकतो आणि रवा एकमेकांना खातो. फोटो चौपट केले की दाणे निम्मे, हा वर्गमूळाचा हिशोब आहे. २५६ ला तेजोमेघाचे दोन्ही पंख उघडले. काका म्हणाले, "छान आहे. पण हे पंख तिथे आहेतच कशावरून? मशीनने भरले असतील."

आणि हा प्रश्न मला वाटतं चार वर्षांतला सगळ्यात चांगला प्रश्न होता, कारण त्याला उत्तर आहे. मी फोटो दोन ढिगांत वाटले, विषम नंबरचे १२८ आणि सम नंबरचे १२८. दोन्ही वेगवेगळे स्टॅक केले, दोन्हीला सारखेच लेव्हल्स, आणि दोन प्रिंट लॅबमधून काढून आणल्या. एका ढिगाला दुसऱ्या ढिगाचा पत्ता नाही. पंख मशीनने किंवा दाण्यांनी बनवलेले असते तर दोन्हीकडे वेगळे दिसले असते. काकांनी ड्रॉवरमधून निगेटिव्ह बघायचं लूप काढलं, ट्यूबलाइटखाली दोन्ही प्रिंट शेजारी ठेवल्या आणि अर्धा तास एकेक कोपरा जुळवत बसले. जी पुसट वळणं एकात होती ती दुसऱ्यात त्याच जागी होती. त्यांनी लूप खाली ठेवलं आणि म्हणाले, "ठीक आहे. पण खाली लिही, किती फोटो आहेत ते."

ते बरोबर होते. पाडव्याला माझ्या फ्रेमवर काहीच लिहिलेलं नव्हतं. तेव्हापासून मी प्रत्येक फोटोखाली किती फोटो, किती सेकंद, कुठे, सगळं लिहिते, आणि जे लिहीत नाहीत त्यांच्यावर माझा विश्वास नाही.

आता तुमचं. १८ एमएमला क्रॉप, म्हणजे छोट्या सेन्सरच्या, कॅमेऱ्यावर १५ सेकंदांच्या पुढे जाऊ नका, नाहीतर तारे लांबट येतात. ढोबळ हिशोब असा, ५०० भागिले १८, परत सेन्सरच्या आकारासाठी भागिले १.६ (कॅननला) केलं तर १७ येतात, पण १५ च बरे. वीस-तीस फोटोंपासून फरक डोळ्यांना दिसतो, साठपर्यंत मजा येते, त्यापुढे दुप्पट मेहनतीला थोडंच मिळतं, वरचाच हिशोब. खाली किल्ला, झाड असं काही असेल तर सिक्वेटर वापरा, नुसतं आकाश असेल तर डीपस्कायस्टॅकर किंवा सिरिल, तिन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत. जेपेग मात्र नको, त्यात एका रंगाच्या २५६ च पायऱ्या असतात आणि माझ्या कॅमेऱ्याच्या रॉमध्ये सोळा हजारांवर, पुसट प्रकाश त्या मधल्या पायऱ्यांतच असतो. कॅमेऱ्यातलं लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन बंद करा, अर्धी रात्र त्यात जाते. आकाशगंगेचा गाभा हवा असेल तर फेब्रुवारी ते मे, पहाटेपासून सुरू होऊन मे अखेरीला रात्री दहाच्या सुमारास वर येतो, मग आपल्याकडे पाऊस.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या त्या आता सांगते. शहराच्या गच्चीवरून स्टॅकिंगने चमत्कार होत नाही, दाणे जातात पण दिव्यांचा उजेडही तेवढाच इमानदारीने साठतो, तेव्हा आधी एसटीने का होईना अंधारात जा. फोकस चुकला असेल तर शंभर चुकलेल्या फोटोंचा एक चुकलेलाच फोटो होतो. मृगातला घोड्याच्या डोक्यासारखा दिसणारा काळा तेजोमेघ (हॉर्सहेड) मला अजून नीट आलेला नाही, साध्या कॅमेऱ्यातला फिल्टर हायड्रोजनचा तांबडा प्रकाश बराचसा अडवतो, त्याला स्टॅकिंग काय करणार. आणि खरं-खोटं म्हणाल तर मेमधली आकाशगंगा डिसेंबरमधल्या किल्ल्यावर चिकटवणं हा माझ्या लेखी फोटो नाही, सुंदर असला तरी नाही. एआयवाल्या सॉफ्टवेअरने "डिटेल" वाढवणं पण नाही, कारण ते डिटेल सम-विषमच्या परीक्षेला उतरत नाही. इथे मी पूर्णपणे काकांच्या बाजूची आहे.

गेल्या उन्हाळ्यात काकांनी हेल-बॉपच्या निगेटिव्ह मला काढून दिल्या. त्या रात्री त्यांनी एकापाठोपाठ तीन फोटो घेतले होते, भिंतीवर त्यातला सगळ्यात चांगला लागला होता, बाकीचे दोन २५ वर्षांच्या वर पाकिटात पडून होते. तिन्ही स्कॅन केल्या, तारे जुळवले, स्टॅक केल्या. फिल्मचे दाणेही प्रत्येक निगेटिव्हवर वेगळ्या जागीच असतात, त्यामुळे तिथेही तोच हिशोब चालतो. तीनाने फार काही होत नाही, पावणेदोन पटीपर्यंत फरक. पण पांढऱ्या शेपटीच्या शेजारची निळी शेपटी, जी भिंतीवरच्या फोटोत आहे म्हटल्यावर आहे अशी वाटायची, ती वेगळी दिसायला लागली. काकांनी ती प्रिंट जुन्या फोटोच्या खाली लावलीय, वर नाही. त्यावर मार्करने स्वतः लिहिलंय, "३ फोटो, प्रत्येकी २० सेकंद."

तुमच्या घरात कोणाकडे अशा जुन्या निगेटिव्ह असतील तर आत्ताच स्कॅन करून ठेवा. आमच्यातल्या एकीला बुरशी लागायला सुरुवात झाली होती.