कॅरेक्टर मेलं, मी परत आलो

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका कॉलेजकुमाराचा प्रश्न आहे: "काका, आम्ही चौघं एक भूमिकाखेळ खेळतो, म्हणजे प्रत्येकाने एकेक कॅरेक्टर घ्यायचं आणि फासे टाकत गोष्ट पुढे न्यायची. काळ फार पुढचा. माणसाचं मन एका शरीरातून काढून दुसऱ्यात घालता येतं, मनाची प्रत साठवून ठेवता येते, मेलं तर त्या प्रतीवरून परत उभं राहता येतं. नियमांचं मराठी टिपण करतोय आणि 'क्रिएटिंग कॅरेक्टर्स' या पहिल्याच प्रकरणाच्या नावावर अडलोय. मोबाइलने 'चारित्र्य निर्माण करणे' असं दिलं. पात्रनिर्मिती म्हणू की व्यक्तिरेखा?"

चारित्र्य आधी खोड. ते शाळेच्या भिंतीवर शोभतं, आणि तुमच्यातला एक जण चोरलेल्या शरीरात हिंडतोय असं तूच सांगतोस.

व्यक्तिरेखाही नको. ती लेखक रेखाटून मोकळा होतो, नंतर वाचकाने फक्त ओळखायची. तुमची माणसं दर रविवारी बदलतात. राहिलं पात्र. साध्या खेळाला तेवढं पुरेल. तलवारबाज एक, त्याचा देह एक, प्रश्न मिटला.

पण पात्र म्हणजे मुळात भांडं. संस्कृतात 'पा' म्हणजे पिणं, त्यावरून पिण्याचं ते पात्र. पूजेतलं पंचपात्र, नदीचं पात्र, नाटकातलं पात्र, ही सगळी एकाच घरची. (आणि वात्रट चुलतभावाला आपण "काय पात्र आहे!" म्हणतो तेही.) नेहमीच्या गोष्टीत भांडं आणि त्यातलं पाणी वेगळं काढायची वेळच येत नाही. तुमच्या खेळात सगळी गंमत त्या ओतण्यातच आहे, म्हणून पात्र म्हटलं की नेमकं कोण, ते कळत नाही.

परवा तुम्ही आमच्या जेवणाच्या टेबलावर खेळत होतात. दहा बाजूंचा एक फासा फ्रिजखाली गेला, तो काढताना तुझा मित्र सहज बोलून गेला, "माझं कॅरेक्टर मेलं, पण मी परत आलो. मधले तीन दिवस फक्त आठवत नाहीत." मेलं ते नपुंसकलिंगी. परत आला तो 'मी'. त्याने व्याकरण पाहून हे केलं नव्हतं, पण एका वाक्यात दोन वस्तू वेगळ्या काढल्या. टिपणात त्या दोघांना दोन नावं हवीत.

जाणाऱ्या-येणाऱ्याला मी जीव म्हणेन. आत्मा म्हणायचा मोह होईल, तो टाळ. गीतेतल्या आत्म्याला शस्त्र कापत नाही. तुमच्याकडे शत्रू मनाची नक्कल काढतो, आठवणी कापून टाकतो. आत्म्याचं असं काही होत नाही. जिवाचं होतं. जीव जातो, जीव टांगणीला लागतो, जिवावर बेततं, वर जिवात जीवही येतो. खेळायला आयती सामग्री.

शरीराचा शब्द शोधताना मी बराच रेंगाळलो. देह कीर्तनातला वाटतो. कुडी फार गोड, पण "कुडीत प्राण आहे तोवर" म्हणणारा दुसऱ्या कुडीचा विचार करत नसतो. तो एकदाच वापरायचा शब्द आहे. अंगाला 'अंगात येणं' चिकटलंय, आणि अंगात येणारं न विचारता येतं. मांत्रिक ज्याच्या अंगात आलंय त्याला 'झाड' म्हणतो, "हे झाड सोड" म्हणून दरडावतो. तुझ्या त्या शरीरचोराला हा शब्द जरूर दे.

बाकीच्यांसाठी उत्तर आमच्याच जिन्यात मिळालं. शेजारच्या बा कोणी गेलं की म्हणतात, जीवाने खोळियुं बदललं. गुजरातीत खोळियुं म्हणजे देह. आणि आपल्याकडे खोळ आहेच, गादीची. खोळ चढवतात, उतरवतात, ती उसवते, विटते, आटते, दुसऱ्याच्या गादीला तोकडी पडते. नवा शब्द निवडताना मी आधी हे बघतो, की तो आपली क्रियापदं बरोबर घेऊन येतोय का. खोळ भरपूर घेऊन आली. 'मंगळावर उतरल्यावर भाड्याची खोळ चढवली' हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. 'वासांसि जीर्णानि' म्हणणाऱ्या गीतेनेही कपड्याचीच उपमा घेतली, फक्त तिथे कपडे जुने झाल्यावर टाकतात.

तेव्हा प्रकरणाचं नाव 'जीव उभा करणे, खोळ निवडणे'. निर्मिती सरकारी वाटते. मराठीत पात्र उभं करतात, भूमिका वठवतात, सोंग आणतात. या नावाने कॅरेक्टरच्या माहितीचा तक्ताही आपोआप दोन रकान्यांत पडेल. भाषा येणं, यंत्र दुरुस्त करणं, बेमालूम खोटं बोलणं जिवाकडे. ताकद, वेग, किती मार सोसेल ते खोळीकडे. खोळ गेली की दुसरा रकाना खोडायचा, पहिला तसाच. वाटायचे गुण (पॉइंट) मात्र मोजून मिळतात, दोन्ही रकान्यांत उधळता येत नाहीत. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही, ते इथे अक्षरशः.

एकाच मनाच्या दोन चालत्या प्रती झाल्या तर त्याला 'फाटा फुटला' म्हण. 'फाटा दिला' म्हणू नकोस, त्याचा अर्थ वगळलं असा होतो. (गुजरातीतली चोकडी, म्हणजे चौरस्ता, तीही नको. गोल्डन चोकडीवरून रोज जाणाऱ्या बडोदेकराला चार रस्ते दिसतील.)

आता तू विचारलं नाहीस, पण अडशील असं एक. बाईचा जीव पुरुषाच्या खोळीत असेल तर 'मी आलो' की 'मी आले'? इंग्रजी नियमावलीत हा प्रश्नच उठत नाही, आपल्याला क्रियापद गप्प बसू देत नाही. माझं मत, 'मी' जिवाच्या लिंगाने बोलेल, आणि बाकीचे खोळ पाहून बोलतील, खरं कळेपर्यंत. हे आपल्याला नवं नाही. 'एकच प्याला'चा पहिला प्रयोग १९१९ साली आपल्या बडोद्यातच झाला, सिंधू होते बालगंधर्व. सिंधू रंगमंचावर 'मी आले' म्हणणार, आणि विंगेतला माणूस आदराने 'बालगंधर्व आले' म्हणणार. रूप एकच, एकीकडे स्त्रीचं एकवचन, दुसरीकडे पुरुषाचं आदरार्थी. टिपणात मात्र या रूपावर विसंबू नकोस, बाईला मानाने 'आल्या' म्हणतात. ज्या जिवाचं लिंग अजून उघड करायचं नाही, त्याला समोरच्यांनी मानाने 'तुम्ही आलात' म्हणायचं.