घरच्यांनी एकत्र काहीतरी अवघड करावं यासाठी त्यांना तयार कसं करायचं?

तुम्ही लिहिलंय की घरच्या ग्रुपवर असा बेत टाकला की सगळे अंगठे दाखवतात आणि आदल्या रात्री एकेकाची कारणं सुरू होतात. आमच्याकडे सिंहगडाचं असं तीनदा झालं. एकाचं पोट, एकाची मीटिंग, तिसऱ्याला पाहुणे. मी चिडून एकटी जाऊन आले आणि वर दही खाताना आणखीच राग आला.

कारण कळलं ते सासऱ्यांमुळे. बोलता बोलता म्हणाले, "अगं, मी मधेच बसलो तर तुमचा सगळ्यांचा दिवस जाईल. त्यापेक्षा नकोच." म्हणजे चढाची भीती नव्हतीच. आपल्यामुळे सगळ्यांना मागे फिरावं लागेल, मग वर्षभर त्यावरून चेष्टा होईल, ही भीती होती. तोवर मी त्यांना "बाबा, जमेल तुम्हाला, नक्की जमेल" असंच सांगत होते. त्या प्रत्येक 'जमेल'ने ओझं वाढत होतं.

म्हणून 2023 साली आम्ही पुणे ते सासवड चालायचं ठरवलं, माउलींच्या पालखीबरोबर. पूर्ण वारी नाही, फक्त तो एक दिवस. पण तो टप्पा तिसेक किलोमीटरचा, त्यात शेवटाकडे दिवे घाट, आणि आमच्यातल्या कुणीही आठ किलोमीटरच्या वर सलग चाललेलं नव्हतं.

या वेळी कोण येणार हे विचारण्याआधी कोण कुठे सोडू शकतो हे ठरवलं. हडपसर गाडीतळ पहिली जागा, वडकी नाला दुसरी. तिथे ज्याला थांबायचंय त्याने थांबायचं, कारण सांगायचं नाही, इतरांनी विचारायचं नाही आणि मुख्य म्हणजे कुणी त्याच्यासोबत परत फिरायचं नाही. हे ऐकल्यावर सासरे म्हणाले, "मग गाडीतळापर्यंत येतो की." सासूबाईंनी खाण्याचं खातं घेतलं. एकादशी असते, त्यामुळे शेंगदाण्याचे लाडू, राजगिऱ्याच्या वड्या. (फार नेऊ नका. वाटेत लोक केळी आणि खिचडी इतकी देतात की पिशवी भरून घरी परत येते.) तयारी म्हणजे दोन महिने रोज पर्वतीच्या पायऱ्या आणि रविवारी एक लांबची फेरी. लेक चौदाची, तिला घड्याळ आणि पाण्याची जबाबदारी. मोठ्यांना "आजोबा, बसा दहा मिनिटं" हे तिनेच सांगायचं. माझं ऐकलं नसतं, तिचं ऐकतात.

त्या वर्षी पाऊस लांबला होता. भवानी पेठेतून पहाटे निघालो तरी उरुळी देवाची येईपर्यंत डांबर तापलं. आणि गंमत बघा, हडपसरला थांबला तो माझा नवरा. घरात जिमला जाणारा तो एकटाच. आठवड्यापूर्वी घेतलेले नवे बूट घालून आला होता, दोन्ही टाचांना फोड. बूट किमान महिनाभर वापरलेले हवेत, हे मी शंभरदा सांगितलं होतं. ते मी त्या क्षणी बोलले नाही, आणि त्या दिवसातलं माझ्यासाठी अवघड काम तेच होतं. तो रिक्षाने घरी गेला.

सासरे वडकीलाही थांबले नाहीत. घाटात रथाला जास्तीच्या बैलजोड्या लावतात. त्या बघत, एका दिंडीतल्या डोक्यावर तुळस घेतलेल्या आजींच्या मागोमाग ते चढले. त्या आजींची चाल इतकी एकसारखी होती की आम्ही बोलणं सोडून तिचाच ताल धरला. मस्तानी तलाव खाली दिसायला लागला तेव्हा लेक दोनदा रडली. मीही एकदा, पण ते उन्हावर ढकललं.

सासवडला अंधार पडता पडता पोचलो. नवरा बोपदेव घाटाने गाडी घेऊन आला होता, कारण दिवे घाट त्या दिवशी वाहनांना बंद असतो. त्याला कुणी काही विचारलं नाही. त्यानेच पुढच्या वर्षी जुन्या चपलांवर येईन असं सांगितलं.

तेव्हापासून पुढचं आव्हान निवडायची पाळी लावलीय. आता लेकीची आहे आणि तिने पोहणं निवडलंय, सगळ्यांनी शिकायचं. मला गळ्यापर्यंत पाणी आलं तरी श्वास अडतो. मी तिला फक्त एवढंच विचारलं, की सोडायची जागा कुठली? ती म्हणाली, "पहिली पायरी, आई." अजून हो म्हटलेलं नाही, पण पोहण्याचा चष्मा घेऊन ठेवलाय.