सोप्रानो व्हायचंय? आधी घाई सोडा

इंग्लिश गायिका एमा कर्कबी ऐकून जुन्या युरोपीय संगीताकडे वळलात आणि तिच्यासारखं सोप्रानो (बायकांचा सर्वात उंच आवाज) व्हायचंय, असं तुम्ही लिहिलंत, ते वाचून बरं वाटलं. मीही तिथूनच आलो. ती ऑक्सफर्डला ग्रीक-लॅटिन शिकली, शाळेत शिकवत होती, 1971 पासून टॅव्हर्नर क्वायर या गायनसमूहात गायली. म्हणजे सुरुवात समूहातून, आणि शब्दांवर प्रेम आधीपासूनच.

तेव्हा तुम्हीही आधी चांगला क्वायर गाठा. दुसऱ्याच्या आवाजात आपला मिसळायला शिकणं हे निम्मं काम आहे.

नवखे हमखास करतात त्या चुका:

- कंप (सुराचं थरथरणं, व्हायब्रेटो) नको म्हणून गळा आवळणं. सरळ सूर श्वासावर उभा राहतो, घशावर नाही. कर्कबीचा लांबलेला सूर नीट ऐका, तोही पूर्ण सपाट नसतो.
- पहिल्याच महिन्यात बाखचा 51वा कँटाटा (वाद्यमेळासह गायची अनेक भागांची रचना) काढणं. त्यात थेट वरचा 'सी' लागतो, म्हणजे सोप्रानोचा अगदी उंच सूर! इंग्लिश संगीतकार डाउलंडच्या 1597 च्या ल्यूटगीतांपासून (ल्यूट म्हणजे गिटारसारखं जुनं तंतुवाद्य) सुरू करा. साथीला एकच वाद्य, लपायला जागा नाही.
- शब्द पाठ, अर्थ कोरा. गाण्याआधी कविता नुसती मोठ्याने वाचा. आपली एक खास खोड म्हणजे लॅटिनमध्ये 'ट' येतो. तिथे जीभ दातांना लावून 'त' म्हणा.

बरोक (साधारण 1600 ते 1750 च्या) संगीताचे वाद्यमेळ आपला 'ए' हा सूर बहुधा 415 हर्ट्झला लावतात, नेहमीच्या 440 पेक्षा साधारण अर्धा स्वर खाली. पहिल्या तालमीला गोंधळायला होईल, घाबरू नका. अलंकारांचं नंतर बघू.

सध्या कोणतं गाणं घेतलंय?